वाढलेली नाडी

९ डिसेंबर, सोमवार

आधी ७२. आल्यावर ९४. दोन मिनिटांनी ८८.

हे तीन आकडे रोज लिहायचे, असं शाइस्ता मॅडमनी सांगितलंय. बायपास झालेल्या माणसांना पुन्हा चालायला लावायचं, हे दवाखान्यातलं त्यांचं काम. माझ्या पोरीच्या वयाच्या आहेत, पण दटावतात चांगलं. "काका, चालायच्या आधीची नाडी, आल्याबरोबरची नाडी आणि दोन मिनिटं बसल्यावरची. आणि मनात येईल ते लिहा. भीती वाटली तर भीती लिहा."

भीती वाटली. लई वाटली. सत्तावीस वर्षं मी रेल्वेत कीमन म्हणून होटगी ते टिकेकरवाडी रूळ चालत तपासला. खांद्यावर हातोडा आणि पाना, ऊन असो की थंडी, रोज दहा-बारा किलोमीटर. आणि आज घरापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो तर छातीत धाडधाड सुरू झालं. गिरणीच्या कट्ट्यावर बसलो. वाटलं, शिवलेलं सगळं उसवतंय आता. बरोबर आलेली बायको, मायाक्का, शेजारी उभी राहिली. म्हणाली, "उटा की, लोक बगत्यात." मी उठलो नाही.

ऑक्टोबरात रुळावर कोसळलो तेव्हाही असंच धडधडत होतं. मग ते धडधडणं कुठलं आणि हे कुठलं, माणसानं ओळखायचं कसं?

१० डिसेंबर, मंगळवार

गेलो नाही. बायपाससाठी पायाची शीर काढली तिथं दुखतंय असं मायाक्काला सांगितलं. दुखत नव्हतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

दवाखान्यात गेलो. वही दाखवली. दहा तारखेचंही मॅडमनी वाचलं. मला जागच्या जागी पाय उचलायला लावले, एक मिनिट. मग माझीच बोटं माझ्या मनगटावर ठेवली. "काय होतंय?"

"पळतंय."

"पळू द्या. पायांना रक्त जास्त लागतंय, ते पाय मागतायत आणि हृदय देतंय. ते पळालं नसतं तर मी घाबरले असते. आता बसा, सोडू नका बोटं."

बसलो. घड्याळाकडे बघत राहिलो. पहिल्यांदा काहीच फरक कळेना. मग ठोके एकेक करून लांब पडायला लागले. गाडी स्टेशनात शिरताना चाकांचा आवाज जसा सैल होत जातो तसं.

मॅडम म्हणाल्या, "हे ध्यानात ठेवा काका. वाढणं म्हणजे दुखणं नाही. वाढून खाली न येणं, ते दुखणं." आणखी सांगितलं की चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. दम भरून गप्प झालात तर थांबायचं.

मग मायाक्काकडे वळल्या. "काकू, तुमची पण बघू?" मायाक्कानं हात पदराखाली घेतला. "माजं काय बगता, ह्यांचं बगा." म्हणजे या बाईला डॉक्टरांची इतकी भीती, आणि मला म्हणते लोक बघत्यात.

१६ डिसेंबर, सोमवार

७०. ९०. ७८.

दोन मिनिटांत बारा उतरले. गिरणीच्या पुढं शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. बोलत चालायचं म्हणून मायाक्काला गावाकडच्या गोष्टी काढायला लावल्या. मंद्रूपच्या बाजारात तिच्या वडलांची मेंढरं एकदा भांड्यांच्या दुकानात शिरली होती, ती गोष्ट तिनं लग्नापासून पन्नासदा सांगितली असेल. आज मला नवी वाटली. मी मध्येमध्ये बोललो आणि वाक्य तुटलं नाही.

पाण्याच्या बादल्या, गॅसची टाकी, गादी उचलणं, सगळं तीच करते. मला तीन महिने जड उचलायचं नाही. बसून बघायची लाज वाटते, पण नियम म्हणजे नियम.

२१ डिसेंबर, शनिवार

६८. ९२. ७६.

आज कंबर तलावापर्यंत गेलो. रिक्षानं परत आलो, पण जाताना पायी. तलावाच्या कडेच्या रस्त्यावर सकाळी गर्दी असते. कानटोप्या घातलेले म्हातारे, सुटलेल्या पोटांचे तरुण. त्यांच्यात आपणही एक, असं वाटून बरं वाटलं.

मायाक्काचं मात्र बिनसलंय. घरातून निघताना बोलत होती, निम्म्या वाटेत गप्प झाली. मी तीन वेळा विचारलं, "काय झालं?" तर नुसता हात हलवला. रागावली असणार. काल तिच्या भाकरीला मी नावं ठेवली होती. बाकड्यावर बसल्यावर पाच मिनिटांनी बोलली. "दाढ दुकतीया."

"मग डॉक्टरला दाखव की."

"बसलं की ऱ्हातीया."

बसल्यावर राहते ती कसली दाढ. चालायचा कंटाळा आलाय, दुसरं काय.

२७ डिसेंबर, शुक्रवार

६८. ९०. ७४.

आकडे ऐकून मॅडम फोनवर खूश झाल्या. वीस मिनिटं झाली, आता पंचवीस करा म्हणाल्या.

मायाक्काबरोबर चालणं म्हणजे दर खांबाला थांबणं. चढ आला की तिला भाजीवाल्याची मेथी बघायची असते. घेत काहीच नाही. जुडी हातात धरून नुसती उभी राहते. आज म्हटलं, "घ्यायची नसेल तर खाली ठेव, त्या माणसाचा तरी विचार कर." तिनं ठेवली. कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत तिला घाम कशाचा येतो? पित्त म्हणते. घरी येऊन ओवा चावत बसली.

संध्याकाळी केमहून, सासरहून, प्रियदर्शनीचा फोन. पोरगी रोज विचारते, आबा किती चाललात, काय खाल्लंत. आईशी बोलून झाल्यावर पुन्हा मला मागितलं. "आबा, आईचा आवाज असा का येतोय? दम लागलाय का तिला?"

"पाणी भरून आलीये. तू माझं विचार की, छाती माझी फाडलीये."

ती हसली नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

६६. ९४. ७४.

आज मी तिला मागे सोडून गेलो. खरं ते लिहितो. तलावाच्या वळणावर ती पुन्हा थांबली. पाठीच्या मध्यावर हात नेऊन दाबत होती, दोन खांद्यांच्या मध्ये. मी म्हटलं, "तू बस, मी फेरी मारून येतो." आणि निघालो. माघारी बघितलं नाही. पाय मोकळे पडत होते, श्वास पुरत होता. कित्येक महिन्यांनी मला मी असल्यासारखं वाटलं. तिच्या चालीनं चाललो असतो तर हे कळलंच नसतं.

परत आलो तर ती तिथंच, त्याच बाकड्यावर, डोळे मिटून. मी म्हटलं, "झोपलीस व्हय?" डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं वाटतंय न्हवं तुमाला?"

"लई बरं वाटतंय."

"मग झालं."

४ जानेवारी, शनिवार

६६. ९६. ७२.

एकटा गेलो. ती आली नाही, अंग मोडून आलंय म्हणाली. पुरी तीस मिनिटं! चोवीस ठोके दोन मिनिटांत खाली. घरी येऊन ओरडूनच सांगितलं. ती मोरीत बसून भांडी घासत होती. एक भांडं घासायची, थांबायची, भिंतीला डोकं टेकायची, मग दुसरं घ्यायची. बादली अर्धीच भरलेली. "तीस मिंटं?" म्हणाली. "देवा सिद्धेश्वरा." आणि रडायला लागली. माझ्यासाठी इतका आनंद झालेला मी तिला कधी बघितला नव्हता.

७ जानेवारी, मंगळवार

दवाखाना. मॅडमनी मला चालत्या पट्ट्यावर घातलं, तारा लावल्या. पडद्यावर माझं हृदय रेघारेघांनी पळत होतं. मी ते बघत चाललो आणि भ्यालो नाही. मॅडम म्हणाल्या, "फेब्रुवारीत कामावर जाण्याचं बोलू."

मग विचारलं, "काकू कुठं आहेत?"

"खाली बसलीये. जिना नको म्हणाली. मी तरणा झालो आणि ती म्हातारी झाली."

मॅडम हसल्या नाहीत. "एकच तर मजला आहे. आधी यायच्या की."

"कंटाळली असेल."

"पुढच्या वेळी त्यांना वर आणा काका. नक्की आणा." हे त्यांनी दोनदा सांगितलं. खाली आल्यावर मी मायाक्काला निरोप दिला नाही. दिला असता तरी ती आली नसती.

१० जानेवारी, शुक्रवार

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. दुपारचे दोन वाजलेत. काल लिहिणं झालं नाही. सगळं जसं झालं तसं लिहितो, नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

काल सकाळी साडेसातला तिला बळंच बाहेर काढलं. म्हटलं, घरात बसून अंग जास्तच धरतं, चल. मीच म्हटलं. तलावाच्या फाटकापर्यंत रिक्षानं गेलो, तिथून शंभर पावलं चाललो असू. ती लिंबाच्या झाडाला हात लावून उभी राहिली. मी बोललो, "आता काय, मेथी पण न्हाय हितं."  खाली बाकडं होतं, त्यावर बसली.

मी शेजारी बसलो. आणि मला हुशारी दाखवायची लहर आली. म्हटलं, "माझी नाडी बघ, दोन मिंटात कशी उतरती. तुझी पण बघू, कोण जिंकतंय." तिचा हात धरला. या वेळी तिनं पदराखाली ओढून घेतला नाही. हात गार होता, ओला होता.

१२४.

मी म्हटलं, चुकलं. शंभर पावलांत एवढी? पुन्हा मोजली. १२६. मध्येच एक ठोका गळत होता, मग दोन एकदम येत होते. घड्याळाच्या काट्यावर डोळा ठेवून बसलो. दोन मिनिटं झाली. १२२. आणखी दोन. १२४. ती पुढं बघत होती. ओठांचा रंग राखेसारखा.

सत्तावीस वर्षं मी हातोड्याच्या आवाजावरून रुळाची सैल चावी ओळखली. अंधारात ओळखली, पावसात ओळखली. आणि हे बाकड्यावर बसून मला पाचव्या मिनिटाला कळलं. चालताना दाढ दुखते, बसल्यावर राहते. चढावर मेथी. थंडीत घाम. दोन खांद्यांच्या मध्ये कळ. सगळं मी बघितलं होतं. माझ्या हातानं लिहून ठेवलं होतं आणि वर तिच्यावर चिडलो होतो.

"मायाक्का, छातीत दुकतंय का?"

"छातीत न्हाय. हितं." हनुवटीला हात लावला. "आन् हात जड झालाय. चला घरी, गॅसवर दूद ठेवून आल्ये."

"गॅस बंद केलाय मी. उटू नको."

मॅडमना फोन लावला. तीन वेळा वाजला तेवढ्यात मला मंद्रूपपासूनचं सगळं आयुष्य आठवलं. उचलला. नाडी सांगितली, घाम सांगितला, दाढ सांगितली. विचारलं, माझी जिभेखालची गोळी देऊ का? "काही देऊ नका. एक पाऊलही चालू देऊ नका. एकशे आठला फोन करा. पण समोर रिक्षा दिसली तर ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका, थेट या. मी खाली इमर्जन्सीत सांगून ठेवते. काका, ऐकताय ना?"

रस्ता फाटकाबाहेर होता. शेजारच्या बाकड्यावरच्या बाईंना म्हटलं, हिला धरून बसा. आणि पळालो.

पळालो असं लिहितोय. ऑपरेशननंतर मला पळायची परवानगी नाही. हे मला संध्याकाळी आठवलं. पहिली रिक्षा भरलेली. दुसऱ्या रिक्षाच्या पुढ्यातच जाऊन उभा राहिलो. रिक्षावाला ब्रेक मारून ओरडला, "मरायचंय का मामा?" मग माझं तोंड बघितलं. "कुठं जायचं?"

"बायको आत बसलीये. तिला चालता येत न्हाय."

त्यानं रिक्षा फाटकातून सरळ आत घातली. चालायच्या रस्त्यावर वाहनाला बंदी आहे, वॉचमन शिट्टी वाजवत मागं पळत आला. रिक्षावाल्यानं मायाक्काला दोन हातांवर उचलून सीटवर बसवलं. मी पुढं झालो तर मला ढकललं. "तुमी सरका, तुमची छाती बगितली मी." शर्टाचं वरचं बटण तुटून टाक्यांची रेघ दिसत होती. त्याचं नाव इसूफ. नंतर विचारलं.

वाटेत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. विजापूर रोडवर एवढे दुभाजक, एवढे सिग्नल कधी झाले? इसूफ हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी मनगट धरलं होतं, पण मोजत नव्हतो. नुसतं आहे की नाही एवढंच बघत होतो. सात रस्ता चौकाजवळ ती म्हणाली, "प्रियाला एवढ्यात सांगू नका. तिची सासू काय म्हनंल."

"गप बस."

"मी मेले तर तुमच्या गोळ्या फडताळात वरच्या खनात हायत्या. सकाळची पांडरी."

मी तिच्यावर ओरडलो. रिक्षात, भर रस्त्यात. काय ओरडलो ते लिहीत नाही.

इमर्जन्सीच्या दारात शाइस्ता मॅडम स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. छातीला पट्ट्या लावल्या, ईसीजीचा कागद निघाला, डॉक्टरांनी तो बघून एका शब्दात वर न्यायला सांगितलं. दरवाजा बंद झाला. मला सही करायला सांगितली. सही माझी मलाच ओळखू आली नाही.

पावणेदोन तास. मॅडम मध्येच आल्या आणि माझी नाडी बघायला लागल्या. मी हात काढून घेतला. "माजं काय बगता," म्हणालो. आणि तिथंच मला हुंदका फुटला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा अकरा वाजले होते. एक नळी जवळजवळ बंद होती, उघडली, स्टेंट बसवला. अटॅक सुरू झाला होता. हृदयाचं थोडं नुकसान झालंय, किती ते महिन्याभरानं कळेल. म्हणाले, "आणखी तासभर उशीर झाला असता तर बोलणं वेगळं झालं असतं." मग विचारलं, "त्यांना आधी काही त्रास होत होता का?"

मी म्हणालो, "व्हय. मी लिहून ठेवलंय."

११ जानेवारी, शनिवार

आज तिला भेटू दिलं. दहा मिनिटं. नाकात नळी, हाताला सलाईन, केस कुणीतरी वेणी घालून बांधलेले. मी विचारलं, "कवापासनं?"

तिनं तोंड फिरवलं.

"मायाक्का, कवापासनं दुकतंय?"

"दसऱ्यापासनं."

म्हणजे माझ्या आधीपासून. मी रुळावर पडायच्या आधीपासून ती दुखणं घेऊन हिंडत होती. माझ्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस या दवाखान्याचे जिने ती दिवसातून सहा वेळा चढली होती, डबा घेऊन.

"सांगितलं का न्हाईस?"

"कुनाला सांगू? तुमी चालाय भीत हुता. मी बी पडले असते तर तुमी परत उटला असता का?" तिनं दम घेतला. "एका टायमाला घरात एकच मानूस आजारी पडू शकतं. तुमचा नंबर पैला लागला."

मला राग आला. एवढा राग मला माझ्या दुखण्याचाही आला नव्हता. तिचा, माझा, दोघांचा. म्हणालो, "मी मागं सोडून गेलो तवा तरी हाक मारायची."

"तुमी चांगलं चालत हुता," ती म्हणाली. "मागनं बगत हुते मी. पैल्यासारकं, हात हलवत. हाक मारून काय करू?"

नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं. बाहेर प्रियदर्शनी आली होती, पोराला सासूकडे ठेवून. माझ्या गळ्यात पडली नाही. लांब उभी राहून म्हणाली, "आबा, मी विचारलं होतं तुम्हाला." मी वही तिच्या हातात दिली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा आवाज वॉर्डापर्यंत येतोय. तिची नाडी ७६, बसून. पोरीनं लिहायला सांगितली म्हणून लिहितोय. माझी बघितलेली नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

घरी आणून आठ दिवस झाले. प्रियदर्शनी काल केमला गेली. जाताना तिनं माझ्याकडून कुकरच्या शिट्ट्या, डाळीचं पाणी, गोळ्यांच्या वेळा सगळं दोनदा म्हणवून घेतलं. माझा पहिला भात खिमट झाला. मायाक्कानं तोंड वाकडं न करता खाल्ला. तिनं नावं ठेवली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

कामावर जायचं मार्चपर्यंत पुढं ढकललं. साहेब म्हणाले, हलकं काम देऊ, ऑफिसात बसा. आधी मला हे ऐकून मेल्यासारखं झालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

शाइस्ता मॅडमनी तिला आजपासून पाच मिनिटं चालायला सांगितलंय. सकाळी दार उघडलं. तिनं चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. चौकट धरली.

"आता न्हाय. उद्या."

"पाच मिंटं तर हायत."

"आत धडधडाय लागलंय. चालायच्या आदीच. काय झालं म्हंजे?"

मला सगळं माहीत होतं. पाय मागतात, हृदय देतं, वाढणं म्हणजे दुखणं नाही. तिला हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आता खरं काय, हे मलाही माहीत नाही. तिच्या हृदयाचा एक तुकडा मेलेला आहे. वाढलेलं खाली येईल की नाही, याची हमी मी कशाच्या जोरावर देऊ?

म्हणून मी उंबऱ्यावर बसलो. तीही बसली. समोरच्या घरच्या बाई सडा टाकत होत्या, त्यांनी विचारलं, "काय, ऊन खाताय का?" मायाक्का म्हणाली, "व्हय." दहा मिनिटं तसेच बसलो. मी चल म्हटलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

मग तीच उठली. पायऱ्या उतरली. फाटकापर्यंत गेली, मोजून अकरा पावलं, आणि फाटकाची कडी धरून उभी राहिली. मी जागचा हललो नाही. तिनं मनगटावर स्वतःची बोटं ठेवली. ते तिला कुणी शिकवलं, माहीत नाही. ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. मग परत आली.

"किती?" मी विचारलं.

"मला मोजाय कुटं येतंय. पर हळू झालं."

आता दुपार आहे. वरण-भात झालाय, भात आज सुटा आहे. ती आतल्या खोलीत झोपलीये. लिहिता लिहिता मध्येच उठून दारात जाऊन उभा राहिलो. तिची छाती वरखाली होते का ते बघितलं.

होते.